मदत हवी आहे : बुटीबोरीत सहा महिन्यांची इंटर्नशिप, कोणी केली आहे का?

नमस्कार दादा-ताईंनो. मी आर्वी तालुक्यातला, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आठव्या सेमिस्टरसाठी नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत नंबर लागला. तिकडे इंटर्नशिप केलेल्यांनी खरं सांगा, मशीनला हात लावू देतात का? मागच्या उन्हाळ्यात एका वर्कशॉपमध्ये महिनाभर नुसत्या नोंदवह्या भरल्या, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) दुरूनच पाहिलं. ते फार मनाला लागलं. यावेळी सीएनसीचं प्रोग्रामिंग शिकायचंच आहे.

स्टायपेंड ८,००० आहे. रूम अन् मेस त्यात भागते का? बाबांचा कापूस भावाच्या आशेनं अजून घरातच पडून आहे, त्यांच्याकडे मागवत नाही. वर्ध्याहून रोज रेल्वेनं ये-जा केली तर सकाळची शिफ्ट गाठता येते का? आणि नंतर कितीजणांना कंपनीनं कायम ठेवलं? सोमवारपर्यंत कॉलेजला कळवायचं आहे.