व्हेरिएबलचं नाव चिनी अक्षरात ठेवलं तर बिघडलं कुठं?

अर्धविराम
कीवर्ड, म्हणजे इफसारखे प्रोग्रामिंग भाषेचे ठरलेले शब्द, राहू देत इंग्रजी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण चीनमधल्या प्रोग्रामरनं व्हेरिएबल (माहिती ठेवायला आपण नाव देतो ती जागा) आणि डेटाबेसमधल्या कॉलमची नावं सरळ चिनी अक्षरात लिहावीत असं माझं मत आहे. सध्या काय चालतं बघा, तिकडच्या टॅक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये एक कॉलम हमखास दिसतो, एनएसआरएसबीएच. हे कुठलं इंग्रजी? तर 'करदाता ओळख क्रमांक' याचे जे चिनी शब्द आहेत ते रोमनमध्ये म्हणजे पिनयिनमध्ये लिहायचे आणि त्यांची फक्त आद्याक्षरं उचलायची. ना धड चिनी ना धड इंग्रजी, आणि नवीन आलेल्या पोरानं अशा कॉलमांची रांग बघून करायचं काय? पूर्ण पिनयिन लिहिलं तरी एकट्या 'शि' उच्चाराची कितीतरी वेगवेगळी अक्षरं आहेत. मूळ अक्षरं लिहिली की प्रश्नच मिटतो. जावामध्ये हे पहिल्यापासून चालतं, पायथनमध्ये व्हर्जन ३ पासून. सोय आहे तर वापरा की.

खडीसाखर
साफ नामंजूर. अलिबाबाची जावा कोडिंगची नियमावली आहे २०१७ची, चीनमध्येच लिहिलेली, त्यात पिनयिन आणि इंग्रजीची खिचडी करायला मनाई आहे आणि थेट चिनी अक्षरांना तर त्याहून कडक मनाई. त्यांनाच नको असेल तर आपण कशाला वकिली करायची?

अर्धविराम
नियम आहे म्हणजे लोक तसं करत होते ना! बरं, हांगचौ हे शहर, ताओबाओ ही खरेदीची साइट, अशी सगळ्यांना माहीत असलेली नावं त्याच नियमावलीत पिनयिनमध्ये चालतात.

रात्रपाळी
तुम्ही दोघंही टायपिंगबद्दल बोलतच नाही आहात. चिनी लिहायचं म्हणजे आधी पिनयिन टाइप करा, मग समोर आलेल्या यादीतून अक्षर निवडा, मग डॉट टाकायला परत इंग्रजी मोडमध्ये या. आणि तो मोड बदलायचा राहिला की सेमिकोलन दाबल्यावर पडतं ते रुंद सेमिकोलन, अख्ख्या अक्षराची जागा खाणारं. डोळ्यांना जवळजवळ तेच दिसतं पण जुना जीसीसी, म्हणजे सी भाषेतला कोड मशीनसाठी तयार करणारा कंपायलर, 'स्ट्रे ३५७' असलं काहीतरी तोंडावर फेकतो आणि पोरं तासभर लॉजिकमध्ये चूक शोधत बसतात. कंसाचंही तेच. हे दर ओळीला करायचं का?

अर्धविराम
ते आत्ताही होतंच, कारण कॉमेंट, म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपा, चिनीत लिहितात आणि मोड तसाच राहतो. शिवाय नाव एकदा टाइप करायचं, पुढं एडिटर सुचवतो.

नागोबा
कॉमेंटवरून आठवलं. तैवानमध्ये बिग-फाइव्ह एन्कोडिंग होतं, म्हणजे एकेक चिनी अक्षर दोन बाइटमध्ये साठवायची पद्धत, तेव्हा काही अक्षरांचा दुसरा बाइट नेमका बॅकस्लॅशचा यायचा. आता सीमध्ये ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश म्हणजे पुढची ओळ याच ओळीला जोडलेली. म्हणजे कॉमेंट अशा अक्षरावर संपली की खालची कोडची ओळ कॉमेंटमध्ये गडप! एरर नाही, काही नाही. यूटीएफ-८ ही नवी पद्धत आल्यापासून सुटका झाली, पण जुन्या लोकांनी धसका घेतला त्यात नवल नाही.

खडीसाखर
आणि 'ई' लँग्वेजचं काय झालं? वू ताओची, २००० सालच्या आसपासची, त्यात इफपासून सगळंच चिनी. वापरली कोणी, तर मुख्यतः गेममध्ये चीटिंगची टूलं बनवणाऱ्यांनी. इतकी की साधा सरळ प्रोग्राम बनवला तरी अँटिव्हायरस भुंकतो. तिकडं 'मी ई लँग्वेजमध्ये लिहितो' म्हटलं की लोक हसतात.

वांगीभात
खडीसाखर ताई, हसतात ते वापरणाऱ्यांना. पण इंग्रजी न येणाऱ्या पोरांनी विंडोजवर चालणारे प्रोग्राम बनवलेच की. आणि रशियात बघा, 'वन-सी' नावाची अकाउंटिंगची सिस्टिम आहे, तिच्या भाषेत कीवर्ड रशियनमध्येही चालतात आणि इंग्रजीतही, लोक रशियनमध्ये लिहितात आणि त्यावर घरं चालतात. कोणी खेळ म्हणत नाही. खेळ बघायचा तर २०१९ची वेनयान. अभिजात चिनीत कोड, 'माझ्यापाशी एक संख्या आहे, ती तीन, तिला अमुक म्हणू' अशा थाटात, आणि खाली निघते जावास्क्रिप्ट. मला तर जाम आवडली!

रात्रपाळी
आवडणं वेगळं, प्रॉडक्शन वेगळं. रात्री दोन वाजता स्टॅक ट्रेस, म्हणजे प्रोग्राम कुठं फुटला त्याची यादी, आला आणि त्यात मला वाचताच न येणारी नावं असली तर मी ती टीममधल्या दुसऱ्याला फोनवर सांगू कशी? ह्वावेनं २०२४मध्ये नवीन भाषा आणली, नाव दिलं त्सांगज्ये, म्हणजे दंतकथेत ज्यानं चिनी अक्षरं निर्माण केली तो. आणि आत कीवर्ड? फंक, लेट, व्हार! घ्या.

अर्धविराम
कीवर्डबद्दल मी पहिल्याच वाक्यात बोललोय, रात्रपाळी भाऊ. आणि तुमचा स्टॅक ट्रेस, ती अक्षरं कॉपी करून ट्रान्सलेटरमध्ये टाका, अर्थ हातात येतो. एनएसआरएसबीएच टाकून बघा काय येतं ते.

गटनंबर
मी जमिनीच्या रेकॉर्डच्या डेटावर काम केलंय, आपल्याकडंही हाच घोळ आहे. फेरफार या शब्दाचं रोमन स्पेलिंग एका टेबलात एफनं सुरू, दुसऱ्यात पीएचनं, दोन टेबलं जोडणारा जॉइन लिहिताना डोकं फिरतं. देवनागरी कॉलम असते तर बरं झालं असतं.

नागोबा
देवनागरीचं चिनीइतकं सोपं नाही हो. गो भाषेत चिनी नाव चालतं, फक्त चिनीत कॅपिटल अक्षर नसल्यानं पॅकेजबाहेर दाखवायचं तर पुढं एक रोमन कॅपिटल चिकटवावं लागतं. मराठी नाव मात्र काना-मात्रा आली की कंपायलर नाकारतो, कारण त्याच्या नियमात ती चिन्हं अक्षरांत मोजत नाहीत. पायथन काना-मात्रा घेतो, पण 'दऱ्या'तला अर्धा र तुमच्या कीबोर्डनं झेडडब्ल्यूजे हे जोडायचं चिन्ह घालून काढला असेल तर तिथं न दिसणाऱ्या कॅरेक्टरची एरर.

गटनंबर
म्हणजे 'शेतकऱ्याचे_नाव' असा व्हेरिएबल एकाच्या मशीनवर चालणार आणि दुसऱ्यानं टाइप केला की फुटणार?

नागोबा
दुसऱ्याच्या कीबोर्डवर अवलंबून. नुक्ता असलेला ऱ वापरून टाइप केला तर चालेल.

खडीसाखर
झालं. अर्धविराम, आता हे टीममधल्या प्रत्येकाला तुम्हीच समजावून सांगा.