दगडगोट्यांचा बीच: मजा की सजा?

खडीसाखर:
मागच्या शनिवारी आईबाबांना इंग्लंडमधल्या ब्रायटनला नेलं होतं. आम्ही लंडनमध्ये हॅरोला राहतो, व्हिक्टोरिया स्टेशनहून गाडी पकडली की तासाभरात समुद्र, त्यामुळे पुण्याहून कोणीही आलं की ब्रायटन ठरलेलंच. स्टेशनातून उतारानं खाली चालत गेलं की समोर एकदम पाणी दिसतं, बाबा खूश, आमच्यापुढे भराभरा निघाले आणि कठड्यापाशी जाऊन थांबले ते थांबलेच. "वाळू कुठाय?" म्हटलं बाबा, हाच बीच. "अगं ही तर खडी टाकलीये, रस्त्याचं काम चालूये का?" मग दिवसभर तेच, आमच्या मुरुडला कशी वाळू, गणपतीपुळ्याला कशी वाळू.

खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मीही असंच नाक मुरडलं होतं. पण आता सात वर्षांनी माझं ठाम मत झालंय की निवांत सुट्टीला गोट्यांचा किनारा वाळूपेक्षा भारी, आणि आपल्याला तो आवडत नाही कारण आपण तिथेही चौपाटीच शोधत जातो. एक तर डबा खाताना दाताखाली कचकच येत नाही. ओले पाय दोन मिनिटात कोरडे, गाडीत वाळू नाही, बाथरूमचं ड्रेन तुंबत नाही. उन्हानं तापलेल्या गोट्यांवर चादर टाकून आडवं झालं आणि अंग जरा हलवलं की दगड सरकून बरोबर आपल्या मापाचा खळगा होतो, पाठीला फुकटचा शेक. आणि आवाज! लाट येते तेव्हा काही विशेष नाही, पण ती परत जाताना हजारो गोटे एकमेकांवर घरंगळत खाली जातात, मोठ्या सुपात कोणीतरी शेंगदाणे पाखडतंय असं वाटतं. मी अर्धा तास डोळे मिटून नुसती ते ऐकत पडते.

तुम्हाला काय वाटतं? बाबांची बाजू घेणारे भरपूर निघणार हे माहितीये, तरी विचारते.

माजघर:
बाबांना माझा नमस्कार सांग. अगं पाठीला शेक वगैरे ठीक, गुडघ्यांचं काय? माझ्या सासूबाई पासष्टच्या, त्याच ब्रायटनला पाण्यापर्यंतची वीस पावलं जायला आम्हाला दोघांनी दोन्हीकडून धरावं लागलं, प्रत्येक पावलाला दगड सरकतो आणि घोटा वळतो. बाबागाडी तर ढकलताच येत नाही, उचलूनच न्यायची. आणि पोरांनी करायचं काय तिथे? आमचा चार वर्षांचा बादली-फावडं घेऊन गेला, दगड भरून बादली उपडी केली, किल्ला झालाच नाही, भोकाड पसरलं. नंतर वैतागून दगड फेकायला लागला तर शेजारच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

मालवणी_खाजा:
दगड बघूक इतक्या लांब कित्याक जावचा? 😀
विनोद सोडा, पण समुद्रात उभं राहिल्यावर लाट मागे जाते आणि टाचेखालची वाळू हळूच सरकते, आपण अर्धा इंच खाली जातो, जी गुदगुली होते त्यासाठीच तर माणूस समुद्रावर जातो. तारकर्लीला भल्या सकाळी जावा, रात्रीत खेकड्यांनी वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी घालून ठेवलेली असते. दगडावर कसली रांगोळी. आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना पाय रोवायला वाळूच लागते. ज्यांच्याकडे वाळू नाही त्यांनी दगडांचं कौतुक करायचं, बाकी काय.

चकमक:
खडीसाखरताई, तुमचे बाबा वाटतात तितके चुकलेले नाहीत 🙂 तिथे खरंच गोटे आणून टाकतात. त्या किनाऱ्यावर पश्चिमेकडून येणाऱ्या लाटा तिरप्या आपटतात, त्यामुळे गोटे सतत पूर्वेकडे सरकत राहतात. किनाऱ्यापासून पाण्यात गेलेले जे आडवे बांध दिसतात ना, ते त्यांना अडवण्यासाठीच, म्हणून बांधाच्या एका बाजूला दगड उंच साठलेले आणि दुसऱ्या बाजूला खाली गेलेले असतात, पुढच्या वेळी बघा. ब्रायटनच्या पूर्वेला सीफर्ड म्हणून गाव आहे, तिथला किनारा इतका झिजला की १९८७ साली समुद्रातून गोटे उपसून तो नव्यानं भरला, आणि अजूनही एका टोकाला जमलेले गोटे ट्रकमध्ये घालून दुसऱ्या टोकाला नेऊन टाकतात. शोभेसाठी नाही हां, वादळात लाटेचा जोर हे गोटेच खातात. मधल्या फटींतून पाणी जिरतं, त्यामुळे लाट दमते.

दगड म्हणाल तर बहुतेक गारगोटीच्या जातीचा, चकमकीचा. तिथल्या पांढऱ्या खडूच्या कड्यांत त्याचे थर असतात, कडा ढासळला की खडू विरघळून जातो आणि चकमक उरते, मग समुद्र तिला घासूनपुसून गोल करतो. आपला सह्याद्रीचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा त्याहून जुना. सासूबाईंचा घोटा कशावरून वळला ते तरी कळू दे 😛

माजघर:
घोटा वळताना दगडाचं वय कोण विचारतं हो!

आणि खरा मुद्दा तर मी बोललेच नाही, पाण्यात उतरणं. आम्ही नीसला गेलो होतो, फ्रान्समध्ये, पाणी इतकं निळं की फोटो खोटा वाटावा, आणि किनारा पूर्ण गोट्यांचा. चार पावलं गेलो आणि एकदम खोल. वाळूच्या किनाऱ्यावर कसं, हळूहळू गुडघा, मग मांडी, मग कंबर, माणसाला अंदाज येतो. इथे थेट गळ्यापर्यंत. बाहेर येताना तर फजिती, लाट मागून ढकलते, पायाखालचे दगड मागे ओढले जातात, आणि माझ्यासारखी धट्टीकट्टी बाई चार पायांवर रांगत बाहेर. नवऱ्यानं व्हिडिओ काढला, तो अजून फॅमिली ग्रुपवर फिरतोय.

खडीसाखर:
माजघर, तो व्हिडिओ टाक की इथे 😂

उताराचं मान्य, एकदम मान्य. पोहता येत नसेल तर अशा बीचवर कमरेच्या पुढे जाऊच नये आणि वॉटर शूज पाहिजेतच, हे मी वर लिहायला हवं होतं. पण मग गणपतीपुळ्याला काय होतं? तिथली वाळू दिसायला सपाट, म्हणून लोक बिनधास्त आत जातात आणि ओढीत सापडतात, किती जण बुडालेत आजवर. निदान गोट्यांचा किनारा पहिल्याच पावलाला सांगतो की बाबा रे, जपून.

पोरांचं मात्र पटलं नाही. माझी लेक नऊ वर्षांची, आईबरोबर तीन तास जागची हलली नाही. आईनं पाच गोल गोटे निवडले आणि सागरगोट्यांसारखे खेळायला बसली. एक वर, एक खाली, मग दोन, मग मुठीत चार. लेकीला पहिल्यांदाच कळलं की आजीचे हात इतके चपळ आहेत. पुण्याच्या फ्लॅटमध्ये हे कधी झालंच नव्हतं.

चकमक:
वा! यावरून आठवलं, खरे सागरगोटे म्हणजे दगड नव्हेत, काटेरी वेलीच्या बिया. त्या पाण्यावर तरंगतात आणि समुद्रातून हजारो मैल जातात. कॅरिबियन बाजूच्या बिया आयर्लंड-स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला जाऊन लागतात. तेव्हा आईंना तिकडचे खरे सागरगोटेही मिळू शकतील, नशीब पाहिजे फक्त.

एक_कप_चहा:
तुम्ही सगळे परदेशातच का अडकलात? हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर गेलं की दगडच दगड, लाटांनी काय नक्षी कोरलीये त्यावर. कोणी तक्रार करत नाही.

मालवणी_खाजा:
तो कातळ हो, गोटे नव्हेत. आणि तिथे कोण चादर टाकून लोळतं? भरतीच्या वेळी जायचं नाही असं स्थानिक लोक ओरडून सांगतात. दगडावर लोळायचंच असेल तर मरीन ड्राइव्हचे ते काँक्रीटचे टेट्रापॉड काय वाईट आहेत, लोकलनं जाता येतं.

निवांत:
मी खडीसाखरच्या बाजूनं. इंग्लंडमध्येच डॉर्सेटला चेसिल बीच आहे, २९ किमी लांब, सगळा गोट्यांचा. गंमत अशी की पश्चिमेच्या टोकाला वाटाण्याएवढे खडे आणि तिथून चालत निघालं की हळूहळू मोठे होत पोर्टलंडच्या टोकाला मुठीएवढे. कोणी लावून ठेवलेले नाहीत, समुद्रानंच निवडलेत. म्हणतात की पूर्वी चोरटा माल आणणारे रात्री अंधारात होडी लावायचे आणि नुसता दगड हातात घेऊन ओळखायचे की आपण कुठे लागलोय. मी डोळे मिटून करून बघितलं, मला काही जमलं नाही, पण दिवस मस्त गेला. पोहायला मात्र तिथे अजिबात जाऊ नका, आतली ओढ भयंकर आहे. गेलो, बसलो, थर्मासमधला चहा प्यायलो, आलो. सुट्टीत अजून काय पाहिजे?

माजघर:
म्हणजे पोहायचं नाही, चालायचं जपून, किल्ला होत नाही. मग बाल्कनीत कुंडीतले दगड पसरून चहा प्या की!

खडीसाखर:
😂 कुंडीतल्या दगडांचा आवाज येत नाही गं.

बरं, निकाल काहीही लागो, बाबांचं सांगते. दुपारी थालीपीठ हातात धरून मला वाळूचं महत्त्व समजावत होते, तेवढ्यात सीगलनं झडप घालून थालीपीठ नेलं. त्यानंतर तासभर गप्प. संध्याकाळी ओहोटी लागली तर दगडांच्या पलीकडे पाण्यालगत चक्क वाळूचा पट्टा उघडा पडला, चपला हातात घेऊन एकटेच तिकडे चालत गेले. परत आले ते हातात भोकाचा गोटा घेऊन. तिकडे असा दगड शुभ मानतात, कोळी होडीला बांधायचे, आपल्या लिंबू-मिरचीसारखं. मी म्हटलं बाबा, किनाऱ्यावरचे दगड घरी न्यायचे नसतात, इथे १९४९ च्या कायद्याखाली बंदी घालता येते, ठेवा परत. "ठेवला," म्हणाले.

काल त्यांची पुण्याची बॅग भरताना मोजे काढले, तर एक मोजा जड लागला.

मालवणी_खाजा:
बाबा जिंकले. धागा बंद करा.

माजघर:
बंद कशाला? दगड परत कोण नेऊन ठेवणार ते सांग आधी.

खडीसाखर:
मीच, पुढच्या शनिवारी. बाबा म्हणतायत मीपण येतो, थालीपीठं जास्त करायला सांग.