इंग्रजीच्या वर्गात बातम्या: आत घ्यायच्या की दारातच थांबवायच्या?

अर्धविराम
मी प्रौढांना ऑनलाइन इंग्रजी शिकवते. गटात आठ-नऊ जण, जवळजवळ प्रत्येक जण वेगळ्या देशातला. परवा एका सहशिक्षकाशी चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, वर्गात युद्ध, निवडणुका, स्थलांतर असलं काही काढायचंच नाही. छंद, सुट्टी, हवामान एवढ्यात भागवायचं. मला हे अजिबात पटत नाही. दोन पोरं वाढवलेल्या, नोकरी जाऊन पुन्हा उभ्या राहिलेल्या माणसाला 'तुमचा आवडता प्राणी कोणता' विचारायचं आणि त्याने 'आय लाइक डॉग्ज' म्हटलं की वाहवा करायची. यात आपण त्याला भाषा देतोय की त्याचं वय काढून घेतोय?

पाठ्यपुस्तकांकडून मदतीची आशा नको. या धंद्यात 'पार्सनिप' असा एक सांकेतिक शब्द चालतो. जगभर खपवायच्या पुस्तकात काय नको त्या सात गोष्टींची ती आद्याक्षरं: पॉलिटिक्स, अल्कोहोल, रिलिजन, सेक्स, नार्कोटिक्स, इझम्स, पोर्क. (खरा पार्सनिप म्हणजे गाजराच्या भावकीतला एक पांढरट कंद.) सात गोष्टी वगळल्यावर जग जेवढं उरतं, तेवढं आपण शिकवतो.

'बातम्यांची भाषा अवघड' हे कारणही मला पुरत नाही. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी रेडिओने १९ ऑक्टोबर १९५९ रोजी 'स्पेशल इंग्लिश', म्हणजे सोप्या इंग्रजीतलं बातम्यांचं प्रसारण, सुरू केलं. साधारण दीड हजार शब्द, आखूड वाक्यं, नेहमीपेक्षा एक-तृतीयांश कमी वेग. एवढ्या शिदोरीत शीतयुद्धही सांगून झालं आणि माणूस चंद्रावर उतरला तेही.

विरोधात असाल तर जरूर लिहा, होयबा वर्गात बरेच मिळतात.

लालपेन
विरोधात. दीड हजार शब्द सांगणाऱ्याने मोजूनमापून वापरलेले होते. खरं वर्तमानपत्र असं मोजून लिहिलेलं नसतं. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशोब मांडलाय: कुणाच्या मदतीशिवाय समजायचं तर मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, म्हणजे पन्नासांत एकच अनोळखी. वर्तमानपत्रासाठी त्याला आठ ते नऊ हजार शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ) लागतात. तुमच्या गटात एवढी कुणाकडे आहेत?

नसली की होतं असं: तासातली चाळीस मिनिटं शिक्षक शब्दार्थ सांगतो आणि उरलेल्या वीस मिनिटांत 'वॉर इज बॅड', 'पीस इज गुड'. त्यापेक्षा तुमचा तो कुत्रा बरा. त्याच्याबद्दल निदान चार खरी वाक्यं निघतात.

हेडलाईनवाला
इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून नाक खुपसतो. लालपेन, शब्दसंख्या हा अर्धाच अडथळा. मथळ्यांचं व्याकरणच वेगळं असतं. काल घडलेलं वर्तमानकाळात, उद्याचं नुसत्या 'टू'वर, आणि 'अ', 'द' यांना जागेअभावी नारळ. शब्दही तिथलेच: प्रोब, बिड, रो, स्लॅम, अ‍ॅक्स (मूळ अर्थ कुऱ्हाड, मथळ्यात 'रद्द करणं'). 'मिनिस्टर अ‍ॅक्सेस एड प्लॅन' वाचून नवशिक्याला हातात कुऱ्हाड घेतलेला मंत्री दिसला तर त्याचं चुकलं कुठे? गंमत म्हणजे आपणही 'शेकडो नोकऱ्यांवर कुऱ्हाड' सर्रास छापतो आणि कुणाला लाकूडतोड्या आठवत नाही. हे नुसतं सांगितलं तरी वर्गाची भीती निम्मी होते.

पण बातमी आत आणायचं माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. शब्द निवडला जातो, आपोआप पडत नाही, हे बातमीत जितकं लख्ख दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये अल जझीराने जाहीर केलं की भूमध्य समुद्र ओलांडून येणाऱ्यांना यापुढे 'मायग्रंट' म्हणणार नाही, जिथे लागू तिथे 'रेफ्युजी' म्हणणार. 'रेफ्युजी'ला १९५१ च्या निर्वासित कराराची व्याख्या आहे: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळाची साधार भीती. मे २०१९ मध्ये गार्डियनने 'क्लायमेट चेंज'ऐवजी 'क्लायमेट क्रायसिस', 'इमर्जन्सी' असे शब्द पसंत करायचं ठरवलं. शिकणाऱ्याला पटो न पटो, अशा जोडीतल्या एका शब्दाऐवजी दुसरा आला की काय बदलतं हे त्याला कळायला हवं.

आणि एक. 'डाइड', 'किल्ड', 'वर किल्ड बाय'. तिसऱ्यात मारणारा येतो, पहिल्यात मारणाराच नाही. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मृत्यू पावले, ठार झाले, ठार केले, बळी गेले, यांतला फरक आपल्या कानात आहे; 'बळी' म्हटलं की घेणारा कुणीतरी आलाच. पॅसिव्ह व्हॉइस शिकवायला याहून चांगला धडा मला सुचत नाही. 'अ लेटर वॉज रिटन' घोकून काय मिळतं?

निळी शाई
हेडलाईनवाला, तुमचं सगळं मान्य, तरी मी अर्धविरामच्या विरोधात आहे. कारण पुस्तकी नाही.

माझ्या वर्गात एक बाई होत्या. त्यांच्या शहरावर त्या आठवड्यात हल्ले चालू होते. मला ते ठाऊक नव्हतं; मी 'चालू विषय' म्हणून नेमकी तीच बातमी सोपी करून नेली. दोन परिच्छेद, खाली पाच प्रश्न, उजव्या कोपऱ्यात फोटो. त्या फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'टीचर, माय सिटी इज इन न्यूज.'

आणि मी म्हटलं, 'इन द न्यूज.'

सवयीने. जीभ आधी हलली. त्यांनी गुणी मुलीसारखं 'इन द न्यूज' म्हणून दाखवलं आणि कॅमेरा बंद केला. पुढच्या तासाला आल्या, पण तोंड उघडलं नाही. ज्या संस्थेत शिकवत होते तिथे हे सांगितलं तर उत्तर मिळालं, 'दुरुस्ती तर बरोबर होती ना?'

तेव्हापासून मी बातमी नेत नाही. आठ चौकटींपैकी कोणाच्या घरात काय जळतंय, मला दिसत नाही.

काठावरून
निळी शाई यांच्या मुद्द्याला जोड. ऑनलाइन तास बहुतेक ठिकाणी रेकॉर्ड होतात. जिथे सरकारविरुद्ध बोललं की महागात पडतं, अशा देशातला माणूस तुमच्या प्रश्नावर गप्प बसला तर तो लाजाळू आहे असं समजू नका, तो शहाणा आहे. शिवाय कोणती बातमी आणायची हे शिक्षक ठरवणार, म्हणजे बाजू बाहेर पडलीच. शिकणाऱ्यांना ती वासावरून कळते आणि मार्क त्याच्याच हातात असले की वर्ग लगेच 'आय अ‍ॅम अग्री' म्हणायला लागतो.

लालपेन
'आय अ‍ॅम अग्री'ला मी उभ्या जन्मात सोडणार नाही. बाकी सहमत.

अर्धविराम
निळी शाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. रेकॉर्डिंगचंही माझ्या डोक्यात आलं नव्हतं; असल्या चर्चेला ते बंद, हे आजच ठरवलं. पण बातमी न नेल्याने ती बाईंच्या घरातून गेली असती का? त्यांनी ते वाक्य आपणहून म्हटलं. त्यांना ते कुठेतरी म्हणायचंच होतं. चूक बातमी नेण्यात होती की 'द'मध्ये?

निळी शाई
दोन्हीत. दुसरी मोठी, हे कबूल.

तिसरा बाक
सगळे शिक्षकच बोलताय, म्हणून शिकणारा बोलतो. तीन वर्षं इंग्रजी शिकतोय. वादविवादाचे तास पुष्कळ झाले, त्यात काय होतं ते सांगतो. ज्या दोघांना आधीपासून येतं ते बोलतात. बाकीचे मान हलवतात. माझी पाळी आली की सगळ्यांची ती दयाळू शांतता.

एकदा विषय होता ऑस्ट्रेलियातला कायदा. सोळा वर्षांखालच्या मुलांची समाजमाध्यमांवर खाती नकोत. कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये झाला, लागू १० डिसेंबर २०२५ पासून. मी आदल्या रात्री मराठीत सगळं वाचून गेलो होतो. मला म्हणायचं होतं की याला 'मुलांवर बंदी' का म्हणतात? मुलांना किंवा आईबापांना शिक्षा नाहीच. दंड कंपन्यांना आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. चांगला मुद्दा होता, अजूनही वाटतं. प्रत्यक्षात तोंडातून आलं, 'यस, बॅन इज गुड. चिल्ड्रन आर अ‍ॅडिक्टेड.'

हे माझं मत नव्हतंच. मला जे म्हणता येत होतं ते मी म्हटलं. शिक्षकांनी फळ्यावर माझं नाव 'बाजूने' रकान्यात लिहिलं आणि उरलेला तास मी त्या बाजूने लढलो.

मला बातमीच हवी, कुत्रा नको. पण मत विचारायच्या आधी दहा मिनिटं द्या. आपल्या भाषेत विचार करू द्या, चार शब्द मागू द्या.

हेडलाईनवाला
'जे म्हणता येत होतं ते म्हटलं.' डेस्कवर आमचंही रोज हेच व्हायचं, फक्त तिथे कारण जागा असायची.

अर्धविराम
तिसरा बाक, तुम्ही मला चांगलंच पकडलंत. मी बाजू आधी वाटते. 'हे चौघे बाजूने, हे चौघे विरोधात', त्याने वर्ग पटकन तापतो म्हणून. तो तसा का तापतो ते आत्ता कळतंय. पुढच्या तासाला फळ्यावर रकाने नाहीत. आधी दहा मिनिटं, प्रत्येकाने आपल्या भाषेत एक वाक्य लिहायचं, मग ते इंग्रजीत न्यायला माझ्याकडे मागायचं. बातमी गटातल्यांनीच आदल्या दिवशी निवडायची, आणि ज्याला नको त्याने एका शब्दाचा निरोप टाकायचा, कारण विचारणार नाही.

तुमचं वाक्य तर केवढुसं आहे हो. 'द लॉ पनिशेस द कंपनीज, नॉट द चिल्ड्रन.'

लालपेन
आठ शब्द. एकही अवघड नाही. यापुरता माझा आक्षेप मागे घेतो, नऊ हजारांवरचा नाही.

निळी शाई
मी अजून विरोधातच. आदल्या दिवशी निवडलेली बातमी रात्रीतून कुणाच्याही घरात शिरू शकते. पण ते वाक्य चांगलं आहे. तीन 'द' आहेत त्यात.

तिसरा बाक
मी तिन्ही विसरलो असतो.