गोळीही आणि तक्ताही : एडीएचडी असलेल्या मुलांच्या आयांचे अनुभव

माझा मुलगा चौथीत आहे. त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि चंचलपणा फार. गेली पावणेदोन वर्षे त्याच्यावर दोन्ही उपचार चालू आहेत: सकाळी मेथिलफेनिडेटची गोळी आणि जोडीला वर्तनोपचार (तक्त्यावर गुण मांडून, बक्षीस देऊन सवयी लावणे), ज्यात मुलापेक्षा माझेच प्रशिक्षण अधिक झाले. गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात तपासणीसाठी बाकावर बसून असताना इतर आयांशी जे बोलणे होई, ते डॉक्टरांच्या खोलीतल्या बोलण्याइतकेच उपयोगी पडले, म्हणून हा धागा. आपणही लिहावे. मुलाचे, शाळेचे व डॉक्टरांचे नाव घालू नये, आणि गोळीची मात्राही लिहू नये. ती प्रत्येक मुलाची वेगळी असते आणि वाचणारी एखादी आई उगाच तुलना करत बसते.

सुरुवात मीच करते. गोळीला मी सहा महिने नकार दिला. तेव्हा डॉक्टरांनी अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाविषयी सांगितले. चौदा महिन्यांच्या त्या उपचारांत चंचलपणा आणि लक्ष न लागणे या मूळ लक्षणांवर नुसत्या वर्तनोपचारापेक्षा नीट देखरेखीखाली दिलेल्या औषधाचा परिणाम जास्त दिसला; दोन्ही एकत्र दिल्याने या लक्षणांत विशेष भर पडली नाही, मात्र एकत्रित उपचारांतील मुलांना औषध कमी मात्रेत पुरले आणि त्यांचे पालक अधिक समाधानी होते. मला त्यातले ‘कमी मात्रेत’ एवढेच ऐकू आले, आणि मी तयार झाले.

घरी आम्ही चिंचोक्यांची बरणी ठेवली. दप्तर स्वतः भरले की एक चिंचोका, आणि दहा झाले की मिरामारच्या किनाऱ्यावर फेरी. पहिल्याच आठवड्यात बरणी अर्धी भरलेली पाहून मी हरखले; मागाहून कळले की सासूबाई दुपारी मूठभर टाकत होत्या, ‘पोराला एवढे कशाला तिष्ठवायचे’ म्हणून. पुढच्या भेटीला मी त्यांनाही बरोबर नेले. ते आधीच करायला हवे होते.

फोंडा, मुलगा नऊ वर्षांचा

भुकेविषयी कोणीतरी आधी स्पष्ट सांगायला हवे होते. गोळी सुरू झाल्यावर डबा जसाच्या तसा परत येऊ लागला, आणि तीन महिन्यांत वजन दीड किलोने उतरले. आता गोळीआधी उकड्या तांदळाची पेज आणि अंडे पोटात गेलेच पाहिजे, हा घरचा नियम आहे. संध्याकाळी औषधाचा असर उतरला की तो अधाशासारखा खातो, त्यामुळे शीत-कढीचे खरे जेवण आम्ही रात्रीवर नेले. उंची, वजन व रक्तदाब प्रत्येक भेटीत नोंदवून घेते.

सुट्टीत गोळी द्यावी की नाही यावरून यजमानांशी माझे वाद झाले. गेल्या गणेश चवथीला त्यांनी डॉक्टरांना न विचारता ती बंद ठेवली. माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळा-पानांची चौकट) बांधताना बाबू स्टुलावरून चारदा चढला-उतरला आणि शेवटी सुपाऱ्यांचा घड घेऊन खाली आला. मूर्तीला काही झाले नाही, त्यालाही लागले नाही. पण त्या दिवशी पाहुण्यांसमोर माझ्या वळण लावण्यावर जे बोलले गेले, ते मी अजून विसरलेले नाही.

मडगाव, मुलगी अकरा वर्षांची

आमची बाय शांत असते, खिडकीबाहेर पाहत बसते, म्हणून पाचवीपर्यंत कोणालाच शंका आली नाही. तिला ॲटोमॉक्सेटिन हे वेगळे औषध दिले आहे, ज्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात; पहिल्या महिन्यात मी ते जवळजवळ सोडलेच होते. समुपदेशनाचा गुण म्हणाल तर एकच: मी एका दमात चार कामे सांगायचे सोडले.

डिचोली, मुलगा दहा वर्षांचा

माझे मत वेगळे आहे आणि ते येथे लिहिताना संकोच वाटतो. तक्ता, गुण, बक्षीस हे सगळे आम्ही आठ महिने निष्ठेने केले, आणि घर म्हणजे दुसरी शाळा होऊन बसली. मी नोकरी करते. म्हापशाहून परत येईपर्यंत सात वाजतात, तोवर गोळीचा असर संपलेला आणि माझा संयमही. शेवटी डॉक्टरांना सांगून तक्ता बंद केला, गोळी चालू ठेवली. ‘आईने थोडे अधिक करावे’ हे वाक्य ज्या सहजतेने उच्चारले जाते, त्या सहजतेने वडिलांना उद्देशून ते मी एकदाही ऐकलेले नाही.

(धागा सुरू करणारी मी: ताई, संकोच नको. माझ्याही तक्त्याचे तीन महिने कोरे आहेत. आणि वडिलांविषयी म्हणता ते बाकावरच्या प्रत्येकीने सांगितले आहे.)

पेडणे, मुलगा पाच वर्षांचा. मोठी मुलगी आठ वर्षांची

माझी दोन्ही मुले या निदानाची आहेत, म्हणून दोन्ही बाजू पाहिल्या. धाकट्याला डॉक्टरांनी स्वतःहूनच गोळी दिली नाही. एवढ्या लहान वयात आधी पालकांचे प्रशिक्षण, असे ते म्हणाले. मुलीला दोन्ही सांगितले आहे, पण प्रत्यक्षात गोळीच मिळते. तिचे औषध परिशिष्ट ‘एक्स’मधले, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या सरकारी यादीतले असल्याने चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत फार्मसीवाला ठेवून घेतो, आणि आमच्या जवळच्या फार्मसीत ते नसतेच. तरीही ते महिन्यातून एका खेपेत जमते. प्रशिक्षणाला मात्र दर आठवड्याला दोन बसगाड्या बदलून जायचे, म्हणजे कामाचा एक दिवस बुडतो, आणि धाकट्याला शेजारी ठेवता येत नाही, कारण शेजारीण आता नको म्हणते. सहा सत्रांपैकी दोन झाली. म्हापसा किंवा पर्वरीकडे शनिवारी सत्रे घेणारे कोणी असल्यास कृपया कळवावे.