फसलेली युद्धयंत्रं : मॉडेल चालतं, मग मूळ यंत्र का रुतलं?

गोदातीर :
नमस्कार. नाशिकमधल्या एका शाळेतली नववीची मुलं २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी ‘फसलेली युद्धयंत्रं’ हा विषय घेत आहेत. देवळालीचा तोफखाना जवळ असल्यामुळे चालणाऱ्या तोफांबद्दल मुलांना बरंच ठाऊक आहे, न चालणाऱ्या यंत्रांबद्दल काहीच नाही. फोटो चिकटवलेले तक्ते नकोत. यंत्र का फसलं ते टेबलावर करून दाखवायचं आहे. यादीत तीन नावं आहेत : रशियाचा अवाढव्य चाकांचा झार रणगाडा, ब्रिटिशांचं पँजँड्रम हे रॉकेटवर धावणारं चाक, आणि हबाकुक हे बर्फाचं विमानवाहू जहाज.

अडचण अशी, की झार रणगाड्याचं ३० सेंमी चाकांचं मॉडेल मुलांनी मातीत चालवलं आणि ते व्यवस्थित चालतं. मूळ रणगाडा मग का रुतला, हे कसं दाखवायचं? हबाकुकसाठीच्या पायक्रीटचं, म्हणजे बर्फ आणि लाकडाच्या भुशाच्या मिश्रणाचं, प्रमाणही हवं आहे. पेटणारं, उडणारं काही वापरायचं नाही.

काळी_माती :
मॉडेल चालतं हेच तुमचं सर्वांत चांगलं प्रात्यक्षिक आहे, ते काढू नका. हा रणगाडा आखणाऱ्या लेबेदेन्कोने चावीवर चालणारं लाकडी मॉडेल झार निकोलस दुसरा याला दाखवलं. जमिनीवर रचलेली जाड पुस्तकं ते ओलांडून गेलं आणि पैसे मंजूर झाले. ऑगस्ट १९१५ मध्ये खऱ्या यंत्राची चाचणी झाली तेव्हा मागचं लहान चाक मऊ जमिनीत बसलं आणि रणगाडा जागचा हलला नाही. १९२३ मध्ये तो तिथेच तोडून भंगारात काढला.

आता गणित. पुढची चाकं ९ मीटर व्यासाची, मागचं चाक जेमतेम दीड मीटरचं. ठरवलेलं वजन ४० टन, प्रत्यक्षात भरलं ६० टन. तुमचं मॉडेल ३० पट लहान आहे. लांबी ३० पट कमी झाली की जमिनीला टेकणारं क्षेत्र ९०० पट कमी होतं, पण वजन २७,००० पट कमी होतं. म्हणजे मॉडेलचं योग्य वजन फक्त २.२ किलो, आणि जमिनीवरचा दाब मूळच्या ३० पट कमी. पुस्तकंच काय, ते चिखलही ओलांडेल. मूळचा दाब आणायचा तर मॉडेलवर एकूण सुमारे ६६ किलो लागतील आणि ते मोडेल.

म्हणून चाकं वेगळी करून दाखवा. ६० × ३० सेंमीच्या पसरट खोक्यात १० सेंमी काळी माती भरा. निफाडकडची शेतातली माती उत्तम. पाणी इतकंच, की मुठीत दाबली तर लाडू वळेल पण हाताला चिकटणार नाही. एक ३० सेंमीची चकती आणि एक ५ सेंमीचा पाइप घ्या, दोन्हींची रुंदी सारखी, ८ सेंमी. दोन्हींच्या आसावर १०-१० किलो टांगा आणि ताणकाट्याने सावकाश ओढा. लहान चाक खोल जातं, आपल्यापुढे मातीचा बांध तयार करतं आणि काट्यावरचा आकडा चढत जातो. बैलगाडीची चाकं मोठी का करत, तेही मुलांना इथेच कळेल. माती फार ओली झाली तर दोन्ही चाकं सारखीच चिकटतात आणि फरक दिसेनासा होतो. प्रत्येक वेळी माती सपाट करून पुन्हा ठोका.

इंजिन कमी पडलं असं मात्र लिहू नका. प्रत्येकी सुमारे २४० अश्वशक्तीची दोन इंजिनं होती, त्या काळाच्या मानाने भरपूर. एवढं वजन एवढ्याशा मागच्या चाकावर टेकवलं, चूक तिथे आहे.

आसमापक :
पँजँड्रमबद्दल. दहा फूट व्यासाची दोन चाकं, मध्ये सुमारे १८०० किलो स्फोटकांचं पिंप, कडेने कॉर्डाइट या जळणाऱ्या दारूची रॉकेटं. समुद्रकिनाऱ्यावर सोडायचं, ताशी ६० मैलांनी जाऊन काँक्रीटची भिंत फोडायची, अशी योजना. सप्टेंबर १९४३ पासून इंग्लंडच्या डेव्हनमध्ये वेस्टवर्ड हो इथे चाचण्या झाल्या, शेवटची जानेवारी १९४४ मध्ये. पिंपात स्फोटकांऐवजी वाळू होती म्हणून बरं.

बहुतेक ठिकाणी ‘रॉकेटं निसटली’ एवढंच लिहिलेलं असतं. ती का निसटली ते मुलांकडून काढून घ्या : ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला २६.८ मीटर, त्रिज्या १.५२ मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केलं की सुमारे ४७० येतात, म्हणजे गुरुत्वाच्या ४८ पट. कडेवरचं १ किलोचं रॉकेट आपल्या पकडीला ४८ किलोंनी बाहेर ओढतं, वर स्वतःचा धक्का आणि वाळूवरचे हादरे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कडेवर सारख्या अंतराने बसवलेली सगळी रॉकेटं पेटली तर त्यांचे ढकल एकमेकांना खोडतात, उरतं फक्त चाक फिरवणारं बल. पुढे जायला वाळूची पकड लागते. एका बाजूची चार रॉकेटं विझली किंवा एका चाकाखाली वाळू मऊ लागली, की ते त्या बाजूला वळतं. पोलादी तारांनी दिशा देऊन पाहिली, तारा तुटल्या.

प्रात्यक्षिक : ३० सेंमीच्या दोन प्लायवूड चकत्या ३० सेंमीच्या आसावर घट्ट बसवा आणि फळीच्या उतारावरून सोडा. सरळ जाईल. मग एकाच चाकाच्या वाटेत एक सेंमी जाडीचा वाळूचा पट्टा घाला. आस सैल ठेवू नका. चाकं स्वतंत्र फिरली तर तो पँजँड्रम राहत नाही.

रानपाखरू :
वटवाघळांचा बॉम्ब का नाही घेतला? अमेरिकेचा, प्रत्येक वटवाघळाला बारीक आगलावी कुपी बांधलेली. तोही फसलाच ना?

आसमापक :
तो या यादीत बसत नाही. मे १९४३ मध्ये निसटलेल्या वटवाघळांनी कार्ल्सबॅडजवळचा विमानतळच पेटवला. म्हणजे आग लागत होती. यंत्रणा तयार व्हायला १९४५ उजाडणार असं दिसल्यावर १९४४ मध्ये योजना बंद केली. उशीर झाला म्हणून सोडलेलं आणि तत्त्वातच चुकलेलं, हे दोन वेगळे तक्ते करा. शिवाय जिवंत प्राण्यांना ज्या प्रकारे वापरलं ते नववीच्या मुलांसमोर नीट मांडायला वेळ लागेल.

हिमघर :
पायक्रीट : वजनाने ८६ टक्के पाणी, १४ टक्के लाकडाचा भुसा. १ किलोला ८६० ग्रॅम पाणी, १४० ग्रॅम भुसा. सुताराकडून साध्या लाकडाचा बारीक भुसा आणा. प्लायचा नको, त्यात डिंक असतो. रात्रभर पाण्यात भिजवा, नाहीतर भुसा वर तरंगतो आणि खाली नुसता बर्फ होतो. तरीही तरंगला तर अर्धा-अर्धा सेंमीचे थर एकावर एक गोठवा. उणे १८ अंशांचा आइस्क्रीमचा फ्रीझर हवा. द्राक्षांच्या शीतगृहात शून्याच्या आसपास तापमान असतं, तिथे हे होणार नाही.

हातोडीने ते सहज फुटत नाही हे दाखवलं की सगळे टाळ्या वाजवतात, पण त्यातून फक्त यश दिसतं. कॅनडातल्या पॅट्रिशिया तलावावरचं १००० टनांचं मॉडेलही यशस्वी होतं, एका अश्वशक्तीच्या मोटरवर गार राहिलं. खरं जहाज ६०० मीटर लांब आणि २२ लाख टनांचं व्हायचं होतं. अडचण अशी, की पायक्रीट न फुटता हळूहळू वाकतं. ते थांबवायला उणे १६ अंश लागतात, म्हणजे जहाजभर थंड हवेचे नळ, पोलाद आणि जाड आवरण. वर १४ टक्क्यांच्या हिशेबाने ३ लाख टन लाकडाचा लगदा.

हे वाकणं दाखवा. ३० × ३ × दीड सेंमीच्या दोन पट्ट्या करा, २५ सेंमी अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवा, मधोमध १ किलो टांगा. एक पट्टी फ्रीझरमध्ये, दुसरी थर्मोकोलच्या पेटीत. पेटीत बर्फ आणि मीठ, थर्मामीटर उणे ३ ते ४ दाखवेल इतकंच मीठ. खारं पाणी पट्टीला लागू देऊ नका. २४ तासांनी दोन्हींचा वाक मोजपट्टीने मोजा. वजन तारेने टांगू नका, तार बर्फ कापत खाली उतरते आणि वाक मोजता येत नाही. २ सेंमी रुंद कापडी पट्टी वापरा, आणि तीही आधी फ्रीझरमध्ये गार करून घ्या.