पंधरा वर्षांच्या मुलीने दोह्यात एकटीने विमान बदलावे का?

लक्ष्मीनगरकर
माझ्या मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली असून मे महिन्यात ती फ्रँकफर्टला तिच्या मावशीकडे जाणार आहे. नागपूरहून कतारची राजधानी दोहा आणि तिथे विमान बदलून फ्रँकफर्ट, असा मार्ग ठरतो आहे. आम्हा दोघांनाही त्या काळात रजा मिळणार नाही. तिने एकटीने जावे असे माझे ठाम मत आहे, तर आजी आणि काकांचा त्याला तितकाच ठाम विरोध आहे.

बहुतेक विमान कंपन्या ५ ते ११ वर्षांच्या मुलांना एकटे पाठवताना कर्मचाऱ्याची सोबत सक्तीची करतात. १२ वर्षे पूर्ण झाली की तिकीट प्रौढाचे लागते आणि ही सोबत ऐच्छिक होते. ज्यांचे काम रोज हजारो माणसे ने-आण करण्याचे आहे, त्यांना जर बारा वर्षांचे मूल स्वतःचे विमान शोधू शकेल असे वाटत असेल, तर पंधरा वर्षांच्या, इंग्रजी नीट वाचणाऱ्या आणि बोलणाऱ्या मुलीवर आपण विश्वास का ठेवू नये? तीन वर्षांनी हीच मुलगी शिक्षणासाठी पुण्याला किंवा त्याहून दूर जाईल, तेव्हा ही तयारी एका दिवसात होणार नाही. मुलगा असता तर घरात एवढा वाद झाला असता का, हा प्रश्नही मला छळतो.

अजनीकर, निवृत्त रेल्वे कर्मचारी
ताई, मुलगा असता तरी माझे उत्तर हेच असते. बारा वर्षांची मर्यादा आपण पुरावा म्हणून मांडली आहे, पण ती मर्यादा मुलांच्या समजेवरून नव्हे, तर भाड्याच्या वर्गवारीवरून आली आहे. अमेरिकेतील युनायटेड, डेल्टा आणि अमेरिकन या तिन्ही मोठ्या कंपन्यांत हीच सोबत १४ वर्षांपर्यंत सक्तीची आहे. मूल तेच असताना कंपनी बदलली की त्याची समज बदलते, असे कसे म्हणता येईल?

माझा आक्षेप सुरळीत प्रवासाला नाही. विदर्भ एक्स्प्रेसने एकटी मुले रात्रभर प्रवास करून मुंबईला जाताना मी नोकरीत असताना कितीतरी वेळा पाहिली आहेत. परंतु गाडी अडली तर भुसावळला किंवा नाशिकला कुणाचा तरी मामा अर्ध्या तासात फलाटावर पोहोचू शकतो. दोह्याच्या विमानतळाच्या आत आपले कुणीही पोहोचू शकत नाही. २३ जून २०२५ रोजी इराणने कतारमधील अमेरिकेच्या अल उदैद हवाई तळावर क्षेपणास्त्रे डागली, त्या संध्याकाळी कतारने आपले आकाश बंद केले, विमाने भलत्याच देशांत उतरवावी लागली आणि हजारो प्रवासी अडकले. त्यात आपली पंधरा वर्षांची मुलगी एकटी असती, तर तिने कुणाकडे पाहायचे होते?

दोहावासी वऱ्हाडी
मी नोकरीनिमित्त दोह्यात राहतो आणि नागपूरला येणे-जाणे सतत होत असते, म्हणून प्रत्यक्षात काय करावे लागते ते सांगतो. २०१४ साली सुरू झालेला हमाद विमानतळ एकाच मोठ्या इमारतीत आहे. मुंबईसारखे एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर बसने जावे लागत नाही. विमानातून उतरल्यावर ‘ट्रान्सफर’ची पाटी धरायची, ‘अरायव्हल’ची नाही. पुढे पुन्हा सुरक्षा तपासणी होते, त्यामुळे नागपुरात भरलेली पाण्याची बाटली तिथे टाकावी लागते. मोठी बॅग एकाच तिकिटावर असेल तर थेट फ्रँकफर्टला मिळते. मुख्य सभागृहात पिवळ्या अस्वलाचे सुमारे सात मीटर उंचीचे शिल्प आहे. चुकल्यासारखे वाटले तर तिथे परत यावे, म्हणजे फोनवर घरच्यांनाही आपण कुठे आहोत ते सांगता येते. गेटचा क्रमांक नागपूरला मिळालेल्या बोर्डिंग पासवर नसू शकतो, म्हणून पडद्यावरचाच क्रमांक खरा मानावा.

नवख्या माणसाला खरा फटका घड्याळाचा बसतो. दोह्याची वेळ भारताच्या अडीच तास मागे आहे. मनगटावर नागपूरची वेळ आणि पासवर दोह्याची, अशा गोंधळात मोठी माणसेही पडतात. हे एकदा समजावून दिले की पंधरा वर्षांच्या मुलीला या विमानतळावर अवघड असे काही नाही. अजनीकर काकांनी सांगितलेल्या रात्री वडील सोबत असते तरी तेही तिथेच अडकले असते.

प्रतापनगरची आई
दादा, वडीलही अडकले असते हे खरे. पण अडकलेल्या प्रौढाला आणि अडकलेल्या अल्पवयीन मुलाला मिळणारी वागणूक वेगळी असते. माझा मुलगा सतरा वर्षांचा असताना (विमानतळाचे आणि कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही) त्याचे पुढचे विमान चुकले. दोन तिकिटे वेगवेगळी काढलेली असल्यामुळे पहिल्या कंपनीने जबाबदारी नाकारली. बाहेर जायला त्याच्याजवळ व्हिसा नव्हता आणि विमानतळातील हॉटेलने अठरा वर्षांखालील एकट्या मुलाला खोली द्यायला नकार दिला. नवे तिकीट काढायला आमच्या बँकेचा ओटीपी लागत होता, तो इकडे माझ्या फोनवर येत होता आणि माझ्याशी बोलायला त्याच्याकडे रोमिंग नव्हते. त्याने संपूर्ण रात्र खुर्चीवर काढली. तो घाबरला नव्हता, पुढेही एकटाच गेला. पण त्याच्या शहाणपणाने त्या रात्री एकही दार उघडले नाही.

सिव्हिल लाइन्स
माझे काम वकिलीचे आहे, म्हणून प्रश्न मी असा विचारतो: मुलगी सक्षम आहे की नाही यापेक्षा, अडचण आली तर तिच्यासाठी कायद्याने कोण बांधील असेल? संपूर्ण प्रवास एका तिकिटावर असेल तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे विमान चुकल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीची राहते, म्हणून वेगळी तिकिटे काढणे या वयात पूर्णपणे वर्ज्य मानावे. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे विमान रद्द झाले किंवा फार रखडले तर जेवण, गरजेनुसार हॉटेल आणि दोन फोन मोफत द्यावे लागतात, आणि एकट्या प्रवास करणाऱ्या मुलांना ही मदत लवकरात लवकर द्यावी असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मात्र हा नियम फ्रँकफर्टहून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला लागू होतो, तर दोह्याहून फ्रँकफर्टला जाणारे विमान बिगर-युरोपीय कंपनीचे असेल तर त्याला लागू होत नाही. म्हणजे जाताना तिच्यामागे जे संरक्षण नाही, ते परतताना निदान पहिल्या टप्प्यात आहे.

फ्रँकफर्टच्या सीमा तपासणीची तयारीही हवी. एकट्या अल्पवयीन प्रवाशाकडे विशेष लक्ष द्यावे, अशी सूचना शेंगेन (आपसांत सीमा तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाच्या) सीमा संहितेतच अधिकाऱ्यांना आहे, त्यामुळे तिला प्रश्न विचारले जातील. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेल्या नव्या नोंदणी व्यवस्थेत छायाचित्रही घेतले जाते. आई-वडील दोघांच्या सहीचे इंग्रजी संमतिपत्र, तुमच्या पासपोर्टच्या प्रती, मावशीचा पत्ता व फोन, परतीचे तिकीट आणि किमान ३०,००० युरोच्या वैद्यकीय विम्याचा कागद हे सगळे हातातल्या पिशवीत, छापील स्वरूपात असावे. फोनची बॅटरी संपली की फोनमधला कागद असून नसल्यासारखा होतो.

लक्ष्मीनगरकर
सर्वांचे मनापासून आभार. मुलीला एकटीने पाठवण्याचा विचार मी सोडलेला नाही, पण प्रतापनगरच्या ताईंचा अनुभव वाचून एक गोष्ट बदलते आहे. १२ ते १५ वयोगटासाठी पैसे भरून मागता येणारी कर्मचाऱ्याची सोबत जाताना मिळते का, ते तिकीट काढण्यापूर्वी कंपनीला विचारणार आहे. “मी काय लहान आहे का?” म्हणून मुलगी नाराज आहे. तिला मी सांगितले की ही सोबत तिला रस्ता दाखवण्यासाठी नाही. काही बिघडले तर तिच्यासाठी उत्तर देण्याची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर असावी, यासाठी आहे. परतताना मात्र तिने सगळे स्वतः करावे, कारण तोवर तिने तो विमानतळ पाहिलेला असेल.

अजनीकर, निवृत्त रेल्वे कर्मचारी
ताई, जाण्याच्या बाबतीत माझा विरोध मी मागे घेतो, परतीच्या बाबतीत घेत नाही. जाताना दोह्यात विमान चुकले तर फ्रँकफर्टला जाणारे दुसरे विमान बहुधा त्याच दिवशी मिळेल. दोह्याहून नागपूरला मुंबईसारखी दिवसभर विमाने नाहीत. इकडचे विमान चुकले तर थांबणे लांबते, किंवा मुंबई-दिल्लीमार्गे, म्हणजे अनोळखी ठिकाणी आणखी एकदा विमान बदलून यावे लागते. वकील साहेबांनी सांगितलेले युरोपचे संरक्षण आहे म्हणून निश्चिंत राहू नये. मुलगी आणि कर्मचारी यांच्यात बोलायला त्या क्षणी कुणी मोठे नसेलच. सोबत एकाच वेळची घ्यायची असेल तर ती परतीची घ्यावी, आणि दोह्यात मधला वेळ किमान चार तासांचा ठेवावा.