नवे ब्रश नंतर, आधी क्रॅश थांबवा

अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये नवे ब्रश, नवे इफेक्ट नसतील तर अपडेट घ्यायचंच कशाला, असं काही जण विचारतात. माझं मत अगदी उलट आहे. आम्ही इथे वडोदऱ्यात, दांडिया बाजारात, दोन कॉम्प्युटरवर टूडी अ‍ॅनिमेशन करतो. सेकंदाला 24 फ्रेम म्हणजे एका फ्रेमला जेमतेम 41 मिलिसेकंद. तेवढ्यात कॉम्प्युटरचे सगळे लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, काढून झाले नाहीत की प्लेबॅक अडखळतो आणि पात्राची चाल बरोबर पडतेय का, तेच कळत नाही. मग दर वेळी रेंडर करून, म्हणजे पूर्ण व्हिडिओ तयार करून, बघत बसा.

गेल्या नवरात्रात गरब्याचा एक शॉट होता. घागऱ्याचा घेर, 40 लेअर. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत टाइमलाइन (फ्रेमची पट्टी) जरा सरकवली की सॉफ्टवेअरची खिडकी पांढरीफटक. दुपारभराचं काम गेलं, आणि ती फाइल जुन्या आवृत्तीत उघडेना. याचा फार त्रास झाला.

ब्लेंडर या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरने 2020 मध्ये 2.83 या आवृत्तीपासून एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे दीर्घकाळ आधार) आणलं: दोन वर्षं त्या आवृत्तीत फक्त दुरुस्त्या. हातातलं काम अशाच आवृत्तीवर ठेवावं. बाकीच्या कंपन्यांनीही एखादी आवृत्ती निव्वळ वेगासाठी आणि क्रॅश घालवण्यासाठी काढावी. आणि बग कळवताना सोबत फाइल जोडाच. नुसतं 'हँग होतंय' लिहिलं तर त्यांना काही सापडत नाही.